शेवटापासून पाहिलेली मालिका

आमच्या घरी टीव्ही एकच आहे, पण त्यावर काय दिसणार हे महिन्यावर असतं. काही महिने क्रिकेट दिसतं, काही महिने कोरियातली माणसं दिसतात आणि काही महिने मराठी. प्रत्येकाचं ॲप वेगळं, प्रत्येकाचे पैसे वेगळे. मुलगा म्हणतो, सगळी एकदम घेऊन उपयोग काय, माणसाला डोळे दोनच असतात. सून म्हणते, घरात मिळून सहा आहेत. माझे दोन तो धरत नसावा.

मुलगा गिंडीला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तांबरमच्या पुढे एका सोसायटीत आम्ही राहतो. हे गेल्यावर मी कराडकडून इथं तमिळ मुलखात आले. येताना मुलगा म्हणाला होता, "आई, तुला काही कमी पडणार नाही. मराठी पण दिसतं तिथं." ते खरं होतं. दिसायचं.

गावाला टीव्हीला वेळ होती. ती वेळ झाली की सगळ्या आळीत एकच आवाज ऐकू यायचा, आणि दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गेलं की चक्कीवर त्याचंच बोलणं. इथं टीव्हीला वेळ नाही. सगळं कायमच असतं, त्यामुळे कुणी ते लगेच बघत नाही. रात्री जेवायला बसलं की काय बघायचं ते शोधणं सुरू होतं. मुलगा खाली खाली जात राहतो, सून म्हणते हे नको, तो म्हणतो मग ते, ती म्हणते ते मी अर्धं पाहिलंय. तोवर भात गार होतो. शेवटी आधी दोनदा पाहिलेलं काहीतरी लागतं आणि दोघं फोनमध्ये बघत जेवतात.

पाहिलेल्या गोष्टीबद्दल आमच्या घरात कुणी कुणाला काही सांगत नाही, कारण दुसऱ्यानं ते अजून पाहिलेलं नसतं. सून एकदा डाळीला फोडणी देता देता रडत होती. मी घाबरले. ती म्हणाली, काही नाही, मालिकेतला तो गेला. मुलगा आतून ओरडला, "सांगू नकोस, मी तिथवर आलो नाहीये." मग ती गप्प रडली.

एखादं ॲप संपायला आलं की मात्र घाई होते. गावाला जाण्याआधी माणूस फ्रिजमधलं संपवतो, तसं दोघं त्यातलं उरलेलं संपवतात. आवडलं नाही तरी संपवतात. मुलगा तर ते जोरात पळवून बघतो, त्यात माणसं चुरूचुरू बोलतात आणि पटापट मरतात. मग ते ॲप बंद. सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाला ते लोक स्वस्तात परत बोलावतात, म्हणून मुलगा सारखा कुठून ना कुठून सोडून जात असतो.

टीव्ही उघडला की तो आधी विचारतो, कोण बघतंय? खाली तोंडं असतात. मुलाचं चष्मेवालं, सुनेचं मांजरीचं, एक सुनेच्या पुण्याच्या भावाचं, आणि माझं निळ्या केसांच्या कुठल्यातरी प्राण्याचं. खाली 'आई' असं लिहिलेलं आहे. चांगली तोंडं आधीच गेली होती, असं सून म्हणाली. पहिल्यांदा मला ते दाबायला जीव होत नव्हता. आता ते दिसलं की मी आहे असंच वाटतं. सुनेचा भाऊ पुण्यात काही बघत असला की आमचा टीव्ही म्हणतो, फार जण बघतायत, थांबा. मी थांबते. मला घाई नसते.

दुपारी घरात मी एकटी असते. मला तमिळ येत नाही, आणि मराठीतही मी फार बोलणारी नाही. लिफ्टमध्ये कुणी उभं असलं तर मी जिन्यानं जायची. समोरच्या दारात एक बाई एकट्याच राहतात. वयानं माझ्याहून मोठ्या, यजमान रेल्वेत होते, ते वारले, मुलगा परदेशी. सोसायटीत सगळे त्यांना मामी म्हणतात, वॉचमनसुद्धा. वर्षभर आम्ही एकमेकींकडे बघून हसत होतो. त्यापुढे काही नाही.

एका दुपारी मी एक मराठी मालिका पहिल्यांदाच लावून बसले होते. वाऱ्यासाठी आतलं दार उघडं, बाहेरचं जाळीचं दार लावलेलं. पाहते तर जाळीपलीकडे मामी उभ्या. मला वाटलं आवाजाचा त्रास होतोय. मी आवाज कमी केला.

"कमी नका करू," त्या बाहेरून म्हणाल्या. "ऐकते आहे."

ते मराठी होतं. रिमोट हातात धरून मी तशीच बसले.

"मराठीच ना हे? आम्हीही मराठी. तंजावरचे. राजांच्या वेळेपासून हिकडेच."

मी उठून दार उघडलं. त्या आत आल्या नाहीत. "नको, नको. कामाशिवाय कां यायचं," म्हणाल्या आणि मालिका संपेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी दाराशी खुर्ची ठेवली. आठवड्याभरात ती खुर्ची सरकत सरकत पंख्याखाली आली.

कामाशिवाय कां यायचं, हे मला कळलं होतं. इथं बायकांना एकमेकींकडे जायला निमित्त असतं. नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, तेव्हा बोलावणं येतं. आमच्याकडच्या बायका संक्रांतीला हळदीकुंकू करतात. आम्ही दोघी त्यात नसतो. कुणी वाईट वागत नाही. फक्त बोलावणं सुनेच्या नावानं येतं आणि मी घर सांभाळते. मामींची सून परदेशी, त्यामुळे बोलावणं त्यांच्या दारावरून पुढच्या दाराला जातं. अशा बाईला दुपारी दुसरीच्या घरी जायचं तर काहीतरी काम लागतं. मालिका हे काम झालं. रोज तीनच्या सुमाराला त्या दारात म्हणायच्या, "मालिका बघायला आले." मी विचारलेलं नसायचं, तरी सांगायच्या.

त्यांचं मराठी आमच्या गावी कीर्तनात ऐकू यायचं तसं होतं, चाल मात्र तमिळची. पुष्कळला उदंड म्हणायच्या. सांबाराला आंबटवरण म्हणायच्या. मालिकेतली माणसं फार भरभर बोलतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मध्येच विचारायच्या, "वैताग म्हणजे काय?"

"वैताग म्हणजे... त्या जावेच्या तोंडाकडे बघा."

"सरि," त्या म्हणायच्या. सरि म्हणजे बरं. "आमच्यात त्याला शब्द नाही. तोंड आहे."

आता मालिकेबद्दल. ती संपलेली मालिका होती, हे मला माहीत नव्हतं. सुनेनं मला एकदाच शिकवलं होतं. निळं तोंड दाबायचं, मग मालिकेचं चित्र दाबायचं, मग पहिला भाग दाबायचा. आत चित्रं एकाखाली एक होती. खाली बारीक इंग्रजी होतं, ते चष्मा लावूनही मला मुंग्यांसारखंच दिसतं. पहिला म्हणजे वरचा. पोथी असो, पंचांग असो, माणूस वरूनच सुरू करतो. मी वरचं चित्र दाबलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खालचं. मग त्याच्या खालचं.

भाग संपला की टीव्ही आपण होऊन दुसरा लावायचा, आणि तो नेमका आदल्या दिवशी पाहिलेला असायचा. गावाला कालचा भाग दुपारी परत दाखवायचे, तसंच हे असेल असं वाटून मी घाईनं बंद करायची.

पहिल्याच दिवशी आम्ही पाहिलं, की एक म्हातारी सासू सुनेला पोटाशी धरून क्षमा मागते आहे आणि सगळं घर रडतंय. छान वाटलं. दुसऱ्या दिवशी तीच सासू तिला घराबाहेर काढायला निघाली होती. मामी म्हणाल्या, "काल पोटाशी धरलं, आज हे. पावम." पावम म्हणजे बिचारी. मी म्हटलं, "सासवांचं असतं असं."

आधी सगळे रडायचे आणि दोन-तीन दिवसांनी आम्हाला कळायचं कशासाठी. कुणी कुणाला थोबाडीत मारली की मामी शांतपणे म्हणायच्या, "उद्या कळेल कां मारलं." आणि दुसऱ्या दिवशी खरंच कळायचं. आम्हाला त्याची सवय झाली. गोष्ट हळूहळू सुधारत होती. मोठी जाऊ वाईट होती, ती दिवसेंदिवस चांगली होत गेली. कोर्टात गेलेली जमीन परत घरात आली. भिंतीवर मालिकेतल्या धाकट्या भावाचा हार घातलेला फोटो होता. बायको त्याच्यापुढे रोज दिवा लावायची.

एके दिवशी घरात खूप माणसं होती, सगळी पांढऱ्या कपड्यांत. त्याच्या खालच्या भागात जीप दरीत पडलेली दाखवली. मामींनी पदर तोंडाला लावला. त्याच्या खालचा भाग लावला, तर तो भाऊ दारात बसून बूट बांधत होता आणि बायकोला म्हणत होता, पाणी आण गं.

मामी पुढे सरकल्या. "आला," म्हणाल्या.

"आला," मी म्हटलं.

फोटो भिंतीवरून गेला होता. तिथं आता कॅलेंडर होतं.

त्या दिवसापासून मामी लवकर येऊ लागल्या. तो जेवायला बसला की बघत राहायच्या. तो बायकोवर ओरडला तरी त्यांना चालायचं. "ओरडू दे," म्हणायच्या. "घसा चांगला आहे अजून."

अशात एका रविवारी सकाळी इडली खाताना मुलगा फोनवरून मान न उचलता म्हणाला, "मराठीवालं महिनाअखेर संपतंय. ठेवायचं का?"

"कोण बघतं ते?" सून म्हणाली.

"मी नाही. तू?"

"मला कुठे वेळ. आई बघतात ना."

"आई, तू बघतेस?"

"लावते कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"दुपारी."

"नाही ठेवलं तर चालेल?"

"मला काय, काहीही चालतं," मी म्हटलं.

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून म्हणत आले आहे. ह्यांना त्याचा अर्थ कळायचा. मुलानं ते जसंच्या तसं घेतलं. त्यात त्याची चूक नाही. कारखान्यात त्याला सगळं जसं लिहिलंय तसंच घ्यावं लागतं.

"बघ, चालतं तिला," तो सुनेला म्हणाला. "आता क्रिकेट सुरू होतंय, ते वर्षाचं घेऊन टाकू. हे मग ऑफरमध्ये परत मिळेल."

मी आणखी चटणी आणायला आत गेले आणि तिथंच जरा उभी राहिले. मालिकेचं मला एवढं नव्हतं. मालिका बंद झाली तर मामींना आमच्याकडे काही काम उरत नव्हतं. त्या कामाशिवाय येणार नाहीत आणि मी बोलावणार नाही, हे मला दोघींच्या स्वभावावरून दिसत होतं. या गावात मी दिवसभरात जे काय बोलत होते ते त्या एवढ्या वेळात बोलत होते.

दुसऱ्या दिवशी मी मामींना सांगितलं. त्या जरा वेळ टीव्हीकडे बघत राहिल्या. टीव्ही अजून लावलेला नव्हता.

"सरि," म्हणाल्या. "उद्या जेवण झालं की येते."

मग आम्हीही घरातल्या बाकीच्यांसारखंच करू लागलो. एका दुपारी एक भाग बघायचो ते दोन, तीन, कधी चार. मामी विळी आणि भाजी घेऊन यायच्या. त्या शेंगा चिरायच्या, मी तांदूळ निवडायची, टीव्हीवर भाऊ तरुण होत चालला होता. एकदा त्यांनी डब्यातून रसवांगी आणली. वांग्याची भाजी, पण चिंच आणि खोबऱ्याची. मी तो डबा साखरभातानं भरून परत दिला. फार बोलायला वेळ नसायचा. बघून संपवायचं होतं.

त्या दिवसांत एकदा सून घरून काम करत होती. कानात ती बोंडं घालून बोलत असते, त्यामुळे आम्ही आवाज बारीक ठेवला होता. ती पाणी प्यायला बाहेर आली आणि टीव्हीसमोर थांबली.

"हा जिवंत कसा?"

"आहे," मी म्हटलं.

"माझी आई बघायची ही मालिका. हा मरतो ना जीपमध्ये?"

"मेला होता," मामी म्हणाल्या. "आला."

सुनेनं माझ्या हातातून रिमोट घेतला. वर गेली, खाली गेली. मग आमच्याकडे वळली. तिचं तोंड हसू दाबल्यासारखं झालं होतं, पण ती हसली नाही. ती चांगली मुलगी आहे.

"आई, तुम्ही हे शेवटाकडून बघताय. उलटं. नवे भाग वर असतात."

मामींनी एक शेंग चिरली, मी तांदळातला खडा वेचला.

"थांबा, मी पहिल्यापासून लावून देते," ती म्हणाली. तिनं खूप खाली जाऊन काहीतरी दाबलं, आवाज नीट केला, पाणी प्यायली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

पहिला भाग सुरू झाला. मोठं गाणं. मोटारसायकलवरून तो भाऊ आला, अगदी कोवळा. एसटीच्या थांब्यावर ती मुलगी उभी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वारा सुटला. मामींनी चिरायचं थांबवलं.

"बाई, हे नको."

"नको?"

"सुलटं लावलं तर तो परत जाणार ना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"चित्राखाली आकडा असतो. तो रोज कमी होतो."

"मग बोलला नाहीत."

"तुमचं घर, तुमचा टीव्ही. तुमच्या देशी असंच बघत असतील म्हणून समजले. पुढे तो आला. मग कशाला बोलायचं." त्यांनी एक शेंग उचलली. "तुम्हाला नव्हतं कां ठाऊक?"

"जावेचं मूल रांगत होतं, मग पाळण्यात गेलं," मी म्हटलं. "मग पोटात गेलं. तेव्हा कळलं."

"मग?"

"तुम्ही मोठ्या. म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल. पुन्हा यायच्या नाहीत."

मामींनी ती शेंग चिरली. मग म्हणाल्या, "लावा. जिथे होतो तिथे."

ते लावायला मला फार वेळ लागला. मी काहीतरी भलतंच दाबलं तर टीव्हीनं परत विचारलं, कोण बघतंय. मग सुनेची कोरियातली माणसं आली. मग घाट आला आणि जीप दिसली, तेव्हा मामी "वर नको, खाली, खाली" म्हणाल्या. शेवटी तो भाऊ दारात भाकरी मागताना सापडला. सुनेनं लावून दिलेलं काही मी बदललं असं तोवर झालं नव्हतं.

संध्याकाळी सून म्हणाली, "आई, मामी रोज येतात?"

"मालिकेला येतात."

"मग त्या दिवशी सांगायचं ना. आता ह्यांनी क्रिकेटचं वर्षाचं घेऊन टाकलं. ऑफर आली की लगेच घेऊ आपण. चालेल ना?"

"घाई नाही," मी म्हटलं. माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं.

महिना संपला तेव्हा आम्ही दिवाळसणापर्यंत आलो होतो. भाऊ सासुरवाडीला पाटावर बसला होता आणि मेहुण्या त्याची थट्टा करत होत्या. लग्न अजून खाली राहिलं होतं. मामी म्हणाल्या, "पोचलो नाही." मी म्हटलं, "थोडक्यात राहिलं." त्यांनी विळी मिटली, पिशवी उचलली. "येते," म्हणाल्या. रोज म्हणायच्या तसंच म्हणाल्या.

दुसऱ्या दुपारी मी टीव्ही लावला. निळं तोंड दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आणि तिच्याखाली एक चौकोन आला. मी तो दाबला नाही. तीन वाजले. मामी आल्या नाहीत. मी जाळीचं दार पुसलं. त्याच्या पुढच्या दिवशी पण आल्या नाहीत. त्यांच्या घरातून तमिळ बातम्यांचा आवाज यायचा, मग तोही बंद व्हायचा. एकदा त्यांचं दार उघडल्याचा आवाज आला. मी उठून उभी राहिले. दार परत लागलं.

घरात रात्री क्रिकेट चालू असायचं. मुलगा म्हणाला, "आई, बस ना, मजा येतेय." मी बसले. कोण कुठल्या बाजूचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग एका दुपारी मी मामींकडे जायला निघाले. हातात डबा असता तर बरं झालं असतं. पण त्यांचा डबा मी साखरभात घालून परत केला होता आणि माझा कुठला त्यांच्याकडे नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन काही नेण्यासारखं आहे का ते बघितलं. कढीपत्ता होता. तो मागायला माणूस जातो, द्यायला कुणी जात नाही. मी तो ठेवून दिला आणि तशीच गेले. या गावात आल्यापासून मी कुणाची बेल वाजवली नव्हती. ती पक्ष्यासारखी वाजते हे मला तेव्हा कळलं.

मामींनी दार उघडलं आणि आधी माझ्या हातांकडे पाहिलं.

"काय बाई? काही काम?"

"काम नाही," मी म्हटलं.

त्यांचा हात जाळीच्या कडीवर होता. मग मी म्हटलं, "मालिका बंद झाली."

"ठाऊक आहे."

"म्हणून आले."

"मालिका बंद झाली म्हणून आलात?"

"हो."

मामींनी जाळीची कडी काढली. "मीही दारापर्यंत आले होते," म्हणाल्या. "मग म्हटलं, आता काय सांगून जायचं. आत या."

त्यांचं घर आमच्याच घरासारखं आहे, फक्त सगळं डावीकडचं उजवीकडे. त्यांनी स्टीलच्या वाटीत पेला ठेवून कॉफी दिली. टीव्ही होता, पण त्यावर नुसतं तमिळ केबल. तो त्यांनी लावला नाही. वर त्यांच्या यजमानांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. जाड भिंगांचा चष्मा, बारीक झालेलं तोंड. शेवटच्या दिवसांतला असावा.

मी म्हटलं, "त्या दोघांचं लग्न कसं झालं असेल?"

"कुणाचं?"

"मालिकेतल्या."

"झालं असेल कसंतरी. सासूनं अडवलं असेल आधी." त्यांनी कॉफी उंचावरून ओतून गार केली. मग फोटोकडे बघत म्हणाल्या, "आमचं सांगू कां?"

"सांगा की. लग्नापासून?"

"नको. तिथून नको."

त्यांनी हॉस्पिटलपासून सुरुवात केली. सकाळी नर्सनं काय सांगितलं, मुलाला फोन कुणी केला, तो विमानात असताना काय काय झालं. रडल्या नाहीत. भाग सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "आज इतकं पुरे. उद्या तुमच्याकडे येते." आणि काय बघायला येते ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या आदल्या दिवसाचं सांगितलं. यजमानांनी कॉफी मागितली होती आणि डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून मामींनी दिली नव्हती. मी म्हटलं, "उद्या घेतील." त्या म्हणाल्या, "हो. उद्या घरी आहेत ते." त्यानंतर यजमान खुर्चीत बसू लागले. काठी घेऊन चालू लागले. पुढे काठी पण सुटली. निवृत्त झाल्यावर ते रोज संध्याकाळी तांबरम स्टेशनात नुसत्या गाड्या बघायला जायचे आणि एखादी उशिरा आली की घरी येऊन मामींवर चिडायचे. ते ऐकताना आम्ही दोघी हसलो.

मध्यंतरी एका रात्री मुलगा फोन बघत म्हणाला, "आई, तुझं मराठीवालं आलंय बघ ऑफरमध्ये. घेऊन टाकलं."

सून म्हणाली, "बरं झालं. आता मामींबरोबर लग्नापर्यंत बघून टाका."

"बघू," मी म्हटलं. "सध्या दुपारी आम्हाला वेळ नसतो."

मुलानं मान वर केली. "काय करता?"

"बोलतो," मी म्हटलं. तो परत फोन बघायला लागला.

निळ्या केसांचा प्राणी टीव्हीवर आहे तसाच आहे. ॲप परत आल्यापासून मी तो दाबलेला नाही. मामींचे यजमान सध्या नोकरीवर आहेत, केस काळे आहेत आणि कालच त्यांनी सायकल घेतली. लग्नाला अजून अवकाश आहे. ते झालं की माझी पाळी आहे, असं मामींनी सांगून ठेवलंय. ह्यांना शेवटी धाप लागायची, तिथून सुरू करावं लागेल. मग थोड्या दिवसांत ते शेतावर जायला लागतील.